दोनशे चाळीस सुपांची गाडी

सोमवार, १९ जानेवारी १९७०

आजपासून रोजनिशी. ही फक्त माझ्यासाठी. कणगीच्या मागे ठेवणार, म्हणजे सौ.च्या हाती लागणार नाही.

संकल्प: पहाटे पाचला उठणे. तपकीर बंद. रोज पंचवीस सूर्यनमस्कार. नगरच्या कचेरीतून पाठदुखीच्या रजेवर आलो असल्यामुळे सूर्यनमस्कार तूर्त नुसते मोजणार.

पाठ हे निमित्त. खरी कळ डोक्यात आहे. दिवाळीच्या सुमारास कचेरीने मला फायली पोचवायला पुण्याला धाडलं, तिथे मी कॉम्प्युटर पाहिला. दाराच्या काचेतून, पण पाहिला. खोलीभर यंत्र. एका भल्या माणसाने बाहेर येऊन मला आकड्यांचा कागद दाखवला. नुसते शून्य आणि एक, ओळीखाली ओळ. मग यंत्राने कडाकडा आवाज करत तेच आकडे दुसऱ्या कागदावर उतरवले. शून्याला कोरी जागा, एकाला फुली. आणि कागदावर कमळ! एका आकड्याला एकच घर. एक घर इकडे नाही, एक घर तिकडे नाही.

तेव्हापासून मी पूर्वीचा गहिनीनाथ राहिलेलो नाही. जिल्ह्यात हे तंत्र समजलेला बहुधा मी एकटाच. आमच्या कवठेवाडीत तर नक्कीच एकटा.

बुधवार, २१ जानेवारी

उठायला साडेआठ. थंडी.

दुपारी आप्पासाहेबांच्या माडीवर बैठक. आप्पासाहेब आमचे सरपंच. वाडीत वरचा मजला आणि त्याला खिडकी, असं घर त्यांचं एकच. खिडकीसमोर मोठं मोकळं मैदान.

बातमी अशी की एस.टी.चे मोठे साहेब येत्या २१ फेब्रुवारीला, शनिवारी, वाडीला येणार. तिसगावची गाडी आमच्यापर्यंत आणायची की नाही, ते पाहून ठरवणार. तिसगाव इथून दोन कोस. बाजार, दवाखाना, सगळं तिथे. जायचं ते पायी, ओढ्याचा उतार उतरून.

लंकामावशी म्हणाली, त्यात काय आवघड हाय, सायबाला च्या पाजायचा आन सांगायचं, गुडघं गेलं आमचं, गाडी धाडा.

मला हसू आलं. उभा राहिलो. म्हणालो, तोंडी सांगायचे दिवस गेले, आता सायंटिफिक पद्धतीने सांगायचं. सबंध वाडीने मिळून एक चित्र व्हायचं. मैदानावर वीस आडवे, बारा उभे असे दोनशे चाळीस चौकोन. एका चौकोनात एक माणूस. डोक्यावर आडवं धरलेलं सूप, सुपाच्या पाठीला रंग. साहेबांनी माडीच्या खिडकीतून खाली पाहिलं की चौकटीत बरोबर बसलेली लाल एस.टी.!

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. चांगलाच प्रभाव पडला. शेवटी पुंजारामतात्यांनी, वय पंचाहत्तर, विचारलं की माझ्या अंगावरनं गाडी जानार न्हाई ना. आप्पासाहेब म्हणाले, च्याबी करू आन चित्रबी करू.

सौ.ही खूष दिसली. तिसगावच्या शिवणवर्गाला बाई हवी आहे. सौ. म्हणजे मालन, सातवी पास, शिवणाचा कोर्स झालेला, तेव्हा तिला १ एप्रिलपासून बोलावलंय. रोज सकाळी दहाला हजर. म्हणून तिला गाडीत गोडी. ठीक आहे. मला तंत्रात.

शुक्रवार, २३ जानेवारी

तपकीर पूर्ण बंद. (सकाळी एकदा, शिंक अडकली होती म्हणून.)

आकड्यांचं काम सुरू. ग्राफचा कागद आणला होताच. आधी विचार होता दहा छटांचा. चाकाला एक काळा, सावलीला दुसरा, काचेला निळसर. वाडीत मिळणारे रंग मोजले: चुना, गेरू, काजळी. म्हणून तीन आकडे. शून्य म्हणजे चुना, एक म्हणजे गेरू, दोन म्हणजे काजळी. साधेपणा हीच खरी कला.

सौ. शेजारी बसून दोसूतीच्या कापडावर फुलीटाक्यांनी पोपट भरत होती. माझा कागद पाहून म्हणाली, हे तर आमच्या भरतकामाच्या नमुन्यावानी हाय. तिला हळूच समजावलं की कुठे पोपट आणि कुठे कॉम्प्युटर.

मंगळवार, २७ जानेवारी

आज टेबलावर प्रयोग. माझं टेबल वाडीतलं एकमेव, वर काच. काचेखाली ग्राफ ठेवला आणि वर घराघरात दाणे मांडले. पांढऱ्याला ज्वारी, लालला मसूर, काळ्याला उडीद. तीन तास लागले. मग स्टुलावर चढून, दोन्ही हातांची चौकट करून खिडकीतून पाहावं तसं पाहिलं.

एस.टी.! छप्पर, खिडक्या, दार, चाकं. रोमांच उभे राहिले. सौ.ला हाक मारायला परसात गेलो, तेवढ्यात कोंबडीने पुढचं चाक खाल्लं.

तरीही प्रयोग शंभर टक्के यशस्वी. कोंबडी हा तंत्राचा दोष नव्हे.

सोमवार, २ फेब्रुवारी

वाडीची वस्ती, लहानमोठी धरून, तीनशे दहा. त्यांतून दोनशे चाळीस ठिपके निवडले. सुपांचं मात्र जड जातंय. ज्वारी काढून झाली, आता खळी लागणार. लंकामावशीने तोंडावर सांगितलं, ऐन उफननीच्या दिवसात सुपाला गेरू फासायचा? जवारी काय पदरानं पाखडू? मी तिला आकडे दाखवले. तिने मला रिकामी कणगी दाखवली.

दुपारभर मी ग्राफ शाई लावून पक्का केला. संध्याकाळी कळलं की दोनशे चाळीस सुपं कबूल झाली. मालन दुपारी घरोघर हिंडून बायकांशी बोलली म्हणे. पायाभरणी माझ्या बैठकीतल्या भाषणाने झालेली होती, हे नोंदवून ठेवतो.

गुरुवार, ५ फेब्रुवारी

माणसं ही फार कच्ची सामग्री. यंत्रात शून्याला कधी राग येत नाही.

रंगनाथ आणि सहादेव हे चुलतभाऊ. बांधावरून सहा वर्षं बोलणं बंद. कागदावर रंगनाथ खिडकीत आला आणि सहादेव टायरमध्ये. सहादेव दारात येऊन म्हणाला, त्यो काच आन मी टायर? मी त्याला सांगितलं की टायरशिवाय गाडी चालत नाही. तो म्हणाला, मंग त्यालाच करा टायर, चालू द्या. शेवटी सहादेवसाठी एक जादा खिडकी काढली. हे ऐकून आणखी नऊ जण आले. आता गाडीला इतक्या खिडक्या झाल्या की लाल रंग कमी पडू लागला. साहेबांना हवेशीर वाटेल.

टायर व्हायला पुरुष कुणी तयार नाही. लंकामावशी म्हणाली, आमी हुतो टायर, न्हाईतरी समदं वझं आमच्यावरच हाय. झालं. खालच्या तीन रांगा बायकांच्या. सौ. मागच्या चाकात.

सोमवार, ९ फेब्रुवारी

आज मी जे डोकं चालवलं, ते मलाच थक्क करणारं आहे.

पुंजारामतात्या आणि वाडीतली बाकीची म्हातारी मंडळी रुसली होती. त्यांना शून्य आकडा दिला होता. तात्यांनी विचारलं, शून्य म्हंजी मी कोन? मी म्हणालो, आभाळ. तात्या खुलले. मग विचारलं, रांग कितवी? मी म्हणालो, पहिली. वीसच्या वीस म्हातारे खुलले. लग्न असो, कीर्तन असो, तात्या गेली तीस वर्षं पहिल्या रांगेत बसतात. त्यांचा मान राहिला, माझं आभाळ भरलं.

प्रत्येकाला चिठ्ठी दिली: रांग अमुक, घर तमुक. मैदानावर चुन्याने चौकोन आखले. कडेला नंबर घालणार होतो, पण वाकायला पाठ देईना.

जेवताना सौ.ने विचारलं, खिडकीच्या अगदी जवळ कोनती रांग? मी म्हणालो, बारावी, चाकांची. खिडकीतून पाहताना जवळचं खाली दिसतं, लांबचं वर. आभाळ सगळ्यांत मागे. ती म्हणाली, मंग तात्या सगळ्यांच्या मागं बसतील? पहिली रांग कुठली, ते एकदा समद्यांना मैदानावर नेऊन दाखवा. भरताना आमचंबी असंच होतं, एक बाई वरून मोजती, एक खालून, आन पोपट उलटा.

मी म्हणालो, चिठ्ठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलंय. तिला आणखी काहीतरी सांगायचं होतं, पण माझी झोपेची वेळ झाली होती. दुपारी पाठीला विश्रांती सक्तीची आहे.

शनिवार, १४ फेब्रुवारी

रिहर्सल रद्द. सगळे खळ्यावर. मैदानात सतरा जण आले, त्यातले चार चुकून.

काही बिघडलं नाही. टेबलावर पुन्हा एकदा दाणे मांडून रिहर्सल केली. अचूक. आज कोंबडी टोपलीखाली होती.

रजा पंधरा दिवस वाढवून मागितली. कारण: पाठदुखी, चालू.

बुधवार, १८ फेब्रुवारी

सुपांना रंग दिला. म्हणजे बायकांनी दिला, मी प्रत्येकीचा आकडा ताडून पाहिला. ज्यांचं खळं चालू आहे त्यांनी संध्याकाळी त्याच सुपांनी ज्वारी पाखडली. आज घरोघर गुलाबी भाकरी. रंगनाथच्या घरी काळी.

सौ. पुन्हा रांगेचं म्हणाली. माझ्या कामावर विश्वास नाही का, असं विचारलं. ती सूप उचलून आत गेली. नंतर वाईट वाटलं. पण तंत्रात दोघांची मतं चालत नाहीत.

शनिवार, २१ फेब्रुवारी, सकाळी ६

आज पाचला उठलो! (झोपच लागली नाही.) माझी योजना: मैदानाच्या पलीकडच्या टोकाला चिंच आहे, तिच्यावर चढून शिट्टी वाजवणार. शिट्टी झाली की सुपं डोक्यावर. खिडकीत साहेब आणि समोर चिंचेवर मी. साहेबांनी हात केला तर मीही करायचा.

शनिवार, २१ फेब्रुवारी, संध्याकाळी ५

विजय! विजय! दुसरा शब्द नाही!

साहेब दहाला येणार होते, दीडला आले. तोवर ऊन मी म्हणत होतं. शिट्टीची वाट न पाहता सगळ्यांनी सुपं डोक्यावर घेतलीच होती. मी चिंचेवर साडेनऊपासून. खाली फार पाहवत नव्हतं, म्हणून डोळे मिटून होतो. जीपचा आवाज आला तेव्हा उघडले.

आणि खाली एस.टी.! छप्पर वर, चाकं खाली, लाल भडक, खिडक्याच खिडक्या! एक ठिपका हलला नव्हता. दार फक्त कागदावर डावीकडे होतं ते उजवीकडे दिसलं, पण एवढ्या मोठ्या कामात दाराचं काय घेऊन बसायचं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आकड्यांचं चित्र झालं, आणि ते माझ्या गावाचं झालं.

साहेब खिडकीत बराच वेळ उभे होते. वहीत काही लिहिताना दिसले. मी हात केला. त्यांनी केला नाही. कामात होते.

चिंचेवरून उतरवायला पाच माणसं लागली. त्या गडबडीत साहेब गेले.

सोमवार, २३ फेब्रुवारी

वाडीत कुणी स्वतःहून अभिनंदन करत नाहीये. थकवा असावा. मीच आप्पासाहेबांकडे गेलो.

माडीवर काय झालं ते आप्पासाहेबांनी सांगितलं. साहेबांनी खाली पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं. मग विचारलं, ही एस.टी. आहे का? आप्पासाहेब म्हणाले, व्हय सायेब. साहेबांनी विचारलं, उलटलेली आहे का? आप्पासाहेबांनी पाहिलं तर गाडीची चाकं आभाळाकडे. आता एवढ्या मोठ्या माणसाला नाही कसं म्हणायचं! म्हणाले, व्हय सायेब. साहेबांनी विचारलं, म्हणजे ओढ्याचा उतार धोक्याचा आहे, तिथे गाडी उलटेल, असं गावाचं म्हणणं आहे? आप्पासाहेब म्हणाले, व्हय सायेब. चहा न घेता साहेब म्हणाले, गावकरी फार जागरूक आहेत.

मी म्हणालो, शक्यच नाही, मी चिंचेवरून सरळ पाहिली. आप्पासाहेब म्हणाले, चिंचंवरनं आसंल सरळ, पर सायेब चिंचंवर नव्हते.

घरी आलो. चौकशी केली. पुंजारामतात्या आणि त्यांची पहिली रांग सकाळी आठलाच जाऊन माडीच्या खिडकीखाली, सगळ्यांत पुढे बसली. त्यांच्यामागे दुसरी, तिच्यामागे तिसरी. बायकांची बारावी पार मागे, चिंचेखाली. चिठ्ठीप्रमाणे सगळं अचूक. सौ.ने म्हणे जाऊन तात्यांना विनवलं की तुमचं घर मागं हाय. तात्या म्हणाले, सूनबाई, पैली रांग मागं आसती व्हय?

सौ.ने हे मला चिंचेखालून ओरडून सांगितलं होतं. मी तिला हातानेच गप्प राहायला सांगितलं होतं. आठवतंय.

मंगळवार, २४ फेब्रुवारी

शांतपणे विचार केला. साहेबांनी गाडी ओळखली. उलटली आहे, तेही ओळखलं. म्हणजे चित्र इतकं हुबेहूब होतं की त्यात गैरसमजाला जागाच नव्हती. तंत्र सिद्ध झालं. फक्त माणसं बसवण्यात किरकोळ फरक पडला, ते काम माझ्याकडे नव्हतं.

(होतं. पण पाठ.)

सोमवार, ९ मार्च

पत्र आलं. आप्पासाहेबांनी पारावर वाचून दाखवलं. ओढ्याच्या उतारावर अपघाताचा धोका गावकऱ्यांनीच प्रत्यक्ष दाखवून दिल्यामुळे वाडीपर्यंत गाडी सुरू करता येत नाही.

लोक एकेक करून उठले. रंगनाथ आणि सहादेव मात्र एकमेकांकडे पाहून हसले. सहा वर्षांत पहिल्यांदा. माझ्या चित्राचा हाही एक फायदा, पण तो बोलून दाखवायची हिंमत झाली नाही.

सौ.ने पत्र ऐकलं आणि घरी येऊन चूल पेटवली. मी म्हणालो, बघू काहीतरी. ती म्हणाली, बघू नका आता काही.

शनिवार, १४ मार्च

लंकामावशीने सूप आणून माझ्या टेबलावर ठेवलं. म्हणाली, काजळी तीनदा घासली, निगंना, नवीन ज्वारीला टायरचा वास येतो. मी म्हणालो, काजळीला टायरचा वास येत नाही, मावशी. ती म्हणाली, मला येतो.

तपकीर पुन्हा सुरू. रजा आणखी वाढवली. डॉक्टरांनी विचारलं, चिंचेवर चढलेले तुम्हीच का? बातमी तिसगावपर्यंत गेली आहे.

गुरुवार, १९ मार्च

नवा विचार. पुढच्या वेळी बाण काढून दाखवायचा, वरची बाजू कोणती ते कळायला. सौ.ला सांगायला गेलो तर ती घरात नव्हती. लंकामावशीकडे बसून दोघी काही लिहीत होत्या. मला पाहून कागद झाकला.

बुधवार, २५ मार्च

आज सौ. आणि लंकामावशी पायी तिसगाव, तिथून गाडीने नगरला साहेबांच्या कचेरीत जाऊन आल्या. मला न विचारता! दिवसभर मी स्वतःच्या हाताने चहा केला. साखर सापडली नाही.

हकीकत लंकामावशीकडून कळली. मालनने साहेबांसमोर अर्ज ठेवला. चार ओळींचा. मावशी म्हणाली, सायेब, गुडघं गेलं आमचं, गाडी धाडा. साहेबांनी उलटलेल्या गाडीचं विचारलं. मालनने माझा ग्राफ पिशवीतून काढून त्यांच्या टेबलावर सरळ ठेवला आणि सांगितलं, चित्र काढनाऱ्याची चूक न्हाई, आमीच उलट्या बसलो, मानासाठी. साहेब खूप हसले. म्हणाले, उतार तेवढा सारखा करून घ्या, मग बघतो.

चित्र काढणाऱ्याची चूक नाही, असं ती साहेबांना म्हणाली. मी हे तीनदा विचारून खात्री करून घेतली. मावशी म्हणाली, चौथ्यांदा इचारशील तर चूक हाय म्हनीन.

सोमवार, ३० मार्च

ओढ्याचा उतार सारखा करायला वाडी लोटली. पुढे बायका. घमेली, टिकाव, मुरूम. रंगनाथ आणि सहादेव एकाच टिकावावर आळीपाळीने. पुंजारामतात्या पहिल्या रांगेत बसून पाहत होते.

पाठीमुळे मला ओझं उचलता येत नाही. मी मुरमाचे चौकोन आखून देतो म्हणालो. सौ.ने मला पाण्याची घागर दिली, लोकांना पाजायला. पाजलं. कुणाला किती, हे मोजलं नाही.

बुधवार, १ एप्रिल

शिवणवर्गाचा पहिला दिवस. गाडी नाही, तेव्हा सौ. सकाळी साडेसातला पायी निघाली. संध्याकाळी परत आली तेव्हा चपलेचा अंगठा तुटला होता. बाहेरच पायरीवर बसली आणि पाय चोळत होती. मी पाणी नेऊन दिलं. ती म्हणाली, एकवीस बाया आल्यात वर्गाला. चेहरा उन्हाने तांबडा, पण डोळे हसरे.

मला माझीच लाज वाटली. एवढंच लिहितो.

गुरुवार, ९ एप्रिल

गाडी मंजूर! सोमवार १३ पासून. सकाळी सव्वानऊला वाडीहून तिसगाव, संध्याकाळी परत. मैदानावर येऊन वळणार.

गाडी नेमकी कुठे थांबणार, याचा कुणी विचारच केलेला नाही. ते काम मी घेतलं. वळणाची त्रिज्या, गाडीची लांबी, दाराची जागा, सगळं ग्राफवर मांडलं. दार जिथे येणार तिथे चुन्याने एक चौकोन आखला. एक हात बाय एक हात. एक बोट इकडे नाही, एक बोट तिकडे नाही.

रजा संपते आहे. पहिल्या गाडीनेच नगरला हजर व्हायला निघणार. पहिल्या गाडीत पहिला मी चढावं, असं वाडीलाही वाटत असणार.

सोमवार, १३ एप्रिल, सकाळी ११, तिसगावच्या अलीकडे, बाभळीखाली बसून

गाडी वेळेवर आली. लाल, चाकं खाली.

मी नऊपासून चौकोनात उभा होतो. बायका सगळ्या पुढे लिंबाच्या सावलीत. मी त्यांना सांगितलं की दार इथे येणार. लंकामावशी म्हणाली, येऊ द्या. ड्रायव्हरने सावली पाहून गाडी लिंबाखाली थांबवली, माझ्यापासून साठ पावलं पुढे. मी चौकोन सोडला नाही. वाटलं, चूक लक्षात आली की मागे घेईल. कंडक्टरने दोनदा हाक मारली. मी त्याला हाताने चौकोन दाखवला. त्याने घंटी मारली.

गाडी वळताना मागच्या खिडकीत मालन दिसली. चौकटीत अगदी बरोबर बसलेली. डोक्यावर पदर, मांडीवर शिवणाची पिशवी, आणि सबंध चेहऱ्यावर हसू. मला फार आनंद झाला. मी काही केलं नव्हतं, तरी झाला. तिने हात केला. मी केला तोवर धूळ उडाली होती.

मग चालायला लागलो. दोन कोस. सकाळी निघताना सौ.ने हातात डबा दिला होता, नव्या दोसूतीच्या पिशवीत. घाईत पिशवी काखेत मारली होती. उतारापाशी आल्यावर सहज पाहिली तर तिच्यावर फुलीटाक्यांनी भरलेली एस.टी.! माझ्याच ग्राफवरून. टाके मोजले. वीस आडवे, बारा उभे, सगळ्या जादा खिडक्यांसकट. आणि गाडी उलटी! चाकं आभाळाकडे!

खोटं कशाला लिहू, मला मनापासून बरं वाटलं. म्हणजे पहिल्या रांगेचा घोळ सौ.चाही होतो. इतके दिवस मी उगाच जिवाला लावून घेतलं. संध्याकाळी तिला कार्ड टाकून हळूच लिहायचं ठरवलं, चेष्टेने, रागावणार नाही अशा बेताने. वाक्यसुद्धा मनात जुळवलं. तसाच फर्लांगभर शीळ घालत चाललो.

मग मांडीला काहीतरी गरम लागलं.

पिशवी मी उलटी धरली होती. पिठलं सगळं पँटवर.

बाभळीखाली बसून कोरडी भाकरी खाल्ली. अजून जराशी गुलाबीच आहे.